पोटावरची गांधी

हाइन्झ क्यूस्टनरला मासा चालत नसे, आणि तोही फक्त शिजवलेला. चुकून एखादा तुकडा पोटात गेला की थोड्याच वेळात अंगाला खाज सुटायची, गांधी उठायच्या, शिंका-खोकला सुरू व्हायचा आणि शेवटी उलटी. (तरुण वाचकांसाठी : गांधी म्हणजे डास चावल्यावर उठते तसली फुगीर, लालसर चकती. आडनावाशी संबंध नाही.) आपल्याकडे अशा माणसाला माशांचं वावडं आहे म्हणतात, त्याच्या पानात मासा वाढत नाहीत आणि विषय तिथेच संपतो. पण क्यूस्टनर डॉक्टर होता. १९२० च्या सुमारास तो ब्रेस्लाऊच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रॉत्सवाफच्या, विद्यापीठात आरोग्यशास्त्राच्या संस्थेत काम करत होता. तिथे त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठे असलेले कार्ल प्राउसनिट्झ होते. त्यांचंही एक वावडं होतं, गवताच्या परागकणांचं. एकाला ताट नडायचं, दुसऱ्याला मोसम.

दोघांनी आधी शहाण्या माणसांसारखं काचेच्या नळीत काम केलं. क्यूस्टनरच्या रक्तातून पेशी काढून टाकून उरलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, माशाच्या अर्कात मिसळलं. काही झालं नाही. साका धरला नाही, गढूळपणा आला नाही. त्या काळी प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून धरणारी रक्तातली प्रथिनं, ओळखायच्या ज्या ज्या रीती होत्या त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं : इथे काही नाही.

मग प्राउसनिट्झनी क्यूस्टनरचं थोडंसं सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. थोडंसं म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग, जेमतेम दोन थेंब. आणि झोपून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे खाज सुटली, गांधी उठली, भोवती लाल कडं पसरलं. शेजारच्या कातडीत तोच अर्क टोचला तर काहीच नाही. प्राउसनिट्झ आयुष्यभर मासे खात आले होते. त्यांच्या पोटावरचा रुपयाएवढा भाग मात्र आता क्यूस्टनरचा झाला होता. उलटा प्रयोगही त्यांनी केला. प्राउसनिट्झचं परागकणवालं सीरम क्यूस्टनरला टोचलं, आणि तो सपशेल फसला. अर्धाच प्रयोग साधला, पण १९२१ साली छापून आलेल्या त्या निबंधावर दोघांची नावं पुढे जगभरच्या वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत गेली.

या प्रयोगाची गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या गांधीपाशी थांबतात. मला मात्र मधली रात्र जास्त गूढ वाटते. टोचलेलं सीरम एका ठिकाणी साचून राहत नाही; रक्त आणि लसीका ते वाहून नेतात. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथे काय राहिलं? आणि राहिलं तर त्याला धरून कोणी ठेवलं? पुढे लोकांनी पाहिलं की ती जागा एक रात्रच काय, कित्येक आठवडे तशीच 'जागी' राहते. प्राउसनिट्झच्या कातडीत असं काहीतरी होतं की ज्याने क्यूस्टनरच्या रक्तातला तो अदृश्य पदार्थ पकडला आणि सोडला नाही. ते काय होतं हे नीट कळायला अडुसष्ट वर्षं लागली.

खरं तर ज्या पेशीने तो पदार्थ धरला होता ती तेव्हाही चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळ्यांच्या ओळखीची होती. १८७८ साली लाइपझिगमध्ये पाउल एर्लिश नावाच्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तिला नाव दिलं होतं. जर्मनीत तेव्हा कृत्रिम रंगांचे कारखाने नव्याने उभे राहत होते आणि एर्लिश हाती येईल तो रंग शरीराच्या कापांवर ओतून पाहायचा. त्यात त्याला काही पेशी दिसल्या, दाण्यांनी गच्च भरलेल्या. गंमत अशी की निळा रंग ओतला की हे दाणे जांभळे-तांबूस होत, रंगाला स्वतःचा रंग देत. त्याला वाटलं, या पेशी खाऊन खाऊन फुगल्या असाव्यात. जनावराला धष्टपुष्ट करण्यासाठी जो खुराक देतात त्याला जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणतात, म्हणून या झाल्या मास्ट पेशी. मराठी विद्यार्थी त्यांना बिनधास्त 'मस्त पेशी' म्हणतात, आणि खुराक खाऊन मस्तवाल झालेला वळू डोळ्यांसमोर आणला तर त्यात फारसं चूकही नाही. निदान मात्र चुकीचं होतं. ते दाणे अन्नाचे नव्हते. १९५३ साली स्कॉटलंडमधल्या डंडीचे जेम्स रायली आणि त्यांचे सहकारी जेफ्री वेस्ट यांनी दाखवून दिलं की शरीरातलं हिस्टामिन मुख्यतः या दाण्यांत भरलेलं असतं. हिस्टामिन म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून त्यांतलं पाणी बाहेर झिरपू देणारं, खाज आणि सूज आणणारं, दमेकऱ्याची श्वासनलिका आवळणारं रसायन.

म्हणजे दारूगोळा सापडला. पण मास्ट पेशीला मासा कळत नाही, परागकण कळत नाही. तिला कोणीतरी सांगावं लागतं.

मधल्या काळात प्राउसनिट्झचं काय झालं हे सांगून टाकतो. वडिलांकडून ज्यू वंश, आई इंग्लिश. १९३३ साली हिटलर आल्यावर त्यांना ब्रेस्लाऊ सोडावं लागलं. इंग्लंडात त्यांनी आधी लँकेशायरच्या कापड गिरण्यांत कापसाच्या धुळीने कामगारांच्या छातीला काय होतं याचा अभ्यास केला, मग आइल ऑफ वाइट बेटावरच्या व्हेंटनर गावात साधा दवाखाना थाटला. जगभर रोज कुठे ना कुठे त्यांच्या नावाची 'पी-के टेस्ट' होत होती आणि हे तिकडे समुद्राकाठी गावकऱ्यांचे खोकले बघत होते. १९६३ साली ते वारले. त्यांच्या पोटाच्या कातडीत काय राहिलं होतं ते कळायला अजून तीन वर्षं होती.

ते कळलं डेन्व्हरमध्ये. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं हे शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा कोरडी. म्हणून दम्याच्या मुलांसाठी तिथे एक मोठी संस्था होती. मुलांना आईवडिलांपासून वर्ष-दोन वर्षं लांब ठेवलं की दमा सुधारतो, असं मानणारा एक पंथ तेव्हा जोरात होता, आणि दमा मनातून येतो की रक्तातून यावर वाद चालायचे. त्याच आवारातल्या संशोधन विभागात १९६२ पासून एक जपानी जोडपं काम करत होतं, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका. दोघांचा प्रश्न एकच : ब्रेस्लाऊच्या सीरममधला तो पदार्थ कोणत्या जातीचा?

बहुतेकांचं मत होतं, तो आयजीए या आधीच माहीत असलेल्या प्रतिपिंडाचाच प्रकार आहे. इशिझाकांनी रॅगवीड नावाच्या अमेरिकन तणाच्या परागकणांचं वावडं असलेल्या रुग्णांचं सीरम घेतलं आणि त्यातून आयजीए काढून टाकलं. गांधी तरीही उठली. मग एकेक ओळखीचा प्रतिपिंड वजा करत गेले. गांधी उठतच राहिली. शेवटी त्यांनी त्या सीरममधला कसदार भाग सशांना टोचला, सशांच्या रक्तात जे प्रतिपिंड तयार झाले त्यांतून आधीच्या सगळ्या जातींना चिकटणारे काढून टाकले, आणि जे उरलं ते रुग्णाच्या सीरममध्ये घातलं. या वेळी गांधी उठली नाही. काहीतरी नवीन होतं आणि ते आता पकडलं गेलं होतं. १९६६ साली त्यांनी त्याला गॅमा-ई म्हटलं. त्यातला ई हा कातडीवरच्या लालीच्या वैद्यकीय नावाचं आद्याक्षर.

हे सगळं मोजायचं यंत्र कोणतं? पाठ. किमिशिगेंची स्वतःची, आणि सहकाऱ्यांची. याला दुसरा इलाजच नव्हता. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये आयजीजी हा नेहमीचा प्रतिपिंड सुमारे दहा मिलिग्रॅम असतो. हा नवा पदार्थ मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. तेव्हाच्या कुठल्याही रासायनिक रीतीला तो दिसणं शक्य नव्हतं. कातडीला दिसत होता. परक्याचं सीरम टोचून घेण्यात काविळीचा धोका असतो हे त्यांना ठाऊक होतं. पुढे त्याच भीतीने पी-के टेस्ट जगभर बंद झाली. पण त्या काही वर्षांत एका शास्त्रज्ञाची पाठ ही डेन्व्हरमधली सर्वांत तरल तराजू होती.

आमच्या लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनाआधी हातावर 'टेस्ट' घ्यायचे. कंपाउंडर मनगटाच्या वर कातडीत बारीक फोड उठवायचा, भोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि म्हणायचा, 'बस तिकडं, खाजवू नकोस.' आपण बाकड्यावर बसून त्या गोलाकडे टक लावून बघायचं, तो निळ्या रेषेच्या बाहेर गेला तर इंजेक्शन टळणार या आशेने. त्या बाकड्यावर बसून आपण इशिझाकांचं काम करत होतो, हे कळायला मला फार वर्षं लागली.

डेन्व्हरमध्ये हे चाललं होतं त्याच सुमाराला स्वीडनमधल्या उप्साला शहरात हान्स बेनिख आणि गुन्नार योहान्सन यांच्याकडे वेगळ्याच वाटेने तीच वस्तू आली. हाडांच्या मज्जेच्या कर्करोगाचा एक रुग्ण होता. या रोगात एकच पेशी बेसुमार वाढते आणि एकाच जातीच्या प्रतिपिंडाने रक्त भरून टाकते. या रुग्णाच्या रक्तातला प्रतिपिंड कुठल्याच ओळखीच्या जातीत बसेना. डेन्व्हरला जो पदार्थ मिलिग्रॅमच्या अंशाअंशाने गोळा करावा लागत होता तो इथे वाट्या-वाट्यांनी होता. नमुने इकडून तिकडे गेले, जुळले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याचं अधिकृत बारसं झालं : आयजीई.

पण माझ्या मते या दोन शोधांपेक्षा महत्त्वाचा एक छोटा प्रयोग १९६७ सालचा आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डेनिस स्टॅनवर्थनी उप्सालाचा तो रुग्णाचा प्रतिपिंड भरपूर घेऊन वावडं असलेल्याच्या सीरमबरोबर टोचला. गांधी उठली नाही. उप्सालाच्या प्रतिपिंडाला परागकण-बिरागकण काही कळत नव्हतं, तो नुसता गर्दी करत होता. एसटी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधीच सगळ्या बाकांवर कोणाचे ना कोणाचे रुमाल पडले असतील तर तुमचा रुमाल हातातच राहतो. म्हणजे मास्ट पेशीवर बाकं होती. मोजकी होती. आणि आयजीईचा पाय, म्हणजे परागकण ओळखणाऱ्या हातांच्या विरुद्ध टोकाचा भाग, त्या बाकावर नेमका बसत होता. रक्तात मोकळा फिरणारा आयजीई दोन-तीन दिवसांत निम्मा होतो. बाकावर बसलेला आठवडे हलत नाही. प्राउसनिट्झच्या पोटावर रात्रभर जे टिकलं ते असं टिकलं.

आता शोध त्या बाकाचा.

१९७० च्या दशकात हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला ते हेन्री मेट्झगर. जन्म जर्मनीतल्या माइन्झचा. लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत आले, प्राउसनिट्झना ज्या वाऱ्याने उडवलं त्याच वाऱ्याने. वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डामधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती. पहिली अडचण मालाची. उंदराच्या पोटातल्या पोकळीतून धुऊन काढल्या तर मास्ट पेशी मिळतात, पण एवढ्याशा. बाक वेगळं काढून तपासायचं तर पेशी अब्जांनी हव्यात. सुदैवाने १९७३ साली एक विचित्र गाठ प्रसिद्ध झाली होती : रसायन चारून प्रयोगशाळेतल्या उंदरांत निर्माण केलेला, मास्ट पेशीच्या सख्ख्या बहिणीसारख्या बेसोफिल पेशींचा रक्तकर्करोग. या पेशी बाटल्यांत कितीही वाढवता येत आणि त्यांच्या अंगावर आयजीईची बाकं शाबूत होती. गेली पन्नास वर्षं जगातल्या शेकडो प्रयोगशाळांनी मास्ट पेशीबद्दल जे शिकलं त्यातलं बरंचसं या आजारी उंदरांच्या वारसांकडून शिकलं.

१९७४ पासून मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी आकडे द्यायला सुरुवात केली. एका पेशीवर काही लाख बाकं. एका बाकावर एकच आयजीई. आणि पकड अशी की रक्तात आयजीई नावापुरताच असला तरी बाकं भरलेली राहावीत. जीवशास्त्रात प्रतिपिंड आणि त्याच्या ग्राहकामध्ये एवढं घट्ट नातं क्वचितच आढळतं. इंग्रजीत ज्याला रिसेप्टर म्हणतात त्याला मराठी पाठ्यपुस्तकं ग्राहक म्हणतात. पण ग्राहक म्हटलं की मला दुकानच आठवतं, म्हणून मी बाकच म्हणत राहणार. त्याचं शास्त्रीय नाव एफसी-एप्सिलॉन-आर-वन, जे उच्चारायला तोंडात दोन सुपाऱ्या धरून बोलावं लागतं.

मग कळीचा प्रश्न. बाकावर आयजीई बसला म्हणून पेशी काही करत नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगात या घडीला लाखो मास्ट पेशी आयजीई वागवत निवांत पडलेल्या आहेत. मग मासा आला की नेमकं काय बदलतं? इशिझाकांनी डेन्व्हरमध्येच एक धागा दिला होता. आयजीईलाच चिकटणारं सशाचं प्रतिपिंड त्यांनी निरोगी माणसाच्या कातडीत टोचलं. परागकण नाही, मासा नाही, तरी गांधी उठली. म्हणजे मासा मासा असल्यामुळे काही होत नव्हतं. त्याला दोन हात असल्यामुळे होत होतं. एका कणावर दोन जागी आयजीई चिकटला की दोन बाकं एकमेकांना बांधली जातात.

मेट्झगरांच्या प्रयोगशाळेने हे निखालस सिद्ध केलं १९७७ साली. त्यांनी आयजीईचे रेणू रसायनाने एकमेकांना जोडले आणि जोड्या, तिड्या अशा वेगवेगळ्या केल्या. सुटा आयजीई पेशीवर टाकला, पेशी गप्प. जोडी टाकली, पेशीने दाणे ओतले. तिडीने जास्त ओतले. फक्त दोन. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो, कारण त्यात मासा, परागकण, रुग्ण, वावडं यांतलं काहीच उरलेलं नाही; दोन रुमालांना एक गाठ, बस. वर्षभर आधी याच मंडळींनी कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांबरोबर पाहिलं होतं की ही बाकं पेशीच्या तेलकट कातडीवर सुटी, एकेकटी तरंगत फिरत असतात. तरंगणारी दोन बाकं बांधली गेली की पेशीच्या आत निरोप जातो. शेंगदाण्याचा एक कण अख्ख्या माणसाला आडवा करतो त्याची सुरुवात या गाठीत आहे.

निरोप आत जातो तर तो नेणारा भाग बाकाला असलाच पाहिजे. इथे पाचेक वर्षं मेट्झगर अडकले, आणि अडकण्याचं कारण साबण. पेशीच्या कातडीतून प्रथिनं सोडवायची तर ती साबणासारख्या द्रावणात विरघळवावी लागतात. त्यांनी बाक धुऊन काढलं तर हाती एकच तुकडा येई, अल्फा नावाचा, बाहेर डोकावणारा, आयजीईला धरणारा. तो पेशीच्या आत जेमतेम पोचत होता. त्याच्याकडून निरोप जाईल असं वाटेना. मग १९८० च्या सुमारास दोन भाग रसायनाने शिवून घेतल्यावर अल्फाशेजारी दुसरा एक तुकडा आढळला, बीटा. तो नेहमी कुठे जात होता? साबणासोबत. मळ काढता काढता कपड्याचा रंगही जावा तसं चाललं होतं. उपाय सापडला तो घरगुती वाटावा असा : साबणात थोडं तेल घाला. पेशीच्या कातडीत असतात तसले स्निग्ध पदार्थ द्रावणात मिसळले की बाकाचे भाग सुटत नाहीत. १९८२ साली हे जमलं आणि पुढच्याच वर्षी तिसरा भाग हाती आला, गॅमा. इतका छोटा, की कचरा म्हणून दुर्लक्षित राहिला असता. त्याची जोडी असते. एक अल्फा, एक बीटा, दोन गॅमा.

या तीन प्रकारच्या भागांच्या जनुकांचं वाचन बेल्जियमहून आलेले झाँ-पिएर किने यांच्या पुढाकाराने झालं. नुसत्या अल्फाचं जनुक माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशीत घालून पाहिलं; बाक पृष्ठभागावर येईना. बीटा घातला, तरी नाही. १९८९ साली 'नेचर'मध्ये उल्रिख ब्लांक, किने, मेट्झगर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला : तिन्ही जनुकं एकत्र घातली तेव्हा त्या माकडाच्या पेशीवर, जिचा वावड्याशी जन्मात संबंध नव्हता, आयजीई जाऊन बसला. प्राउसनिट्झच्या कातडीतली ती वस्तू काचेच्या बशीत पुन्हा बांधली गेली होती.

त्याच वर्षी मिखाएल रेट यांनी एका छोट्या टिपणात दाखवलं की बीटा आणि गॅमाच्या आतल्या शेपटीत जी अमिनो आम्लांची नक्षी आहे, तीच टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींच्या ग्राहकांतही आहे. बाकं बांधली गेली की या शेपट्यांवर फॉस्फेटचे ठिपके पडतात, त्यांवर दुसरी प्रथिनं येऊन बसतात, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि दाणे बाहेर फुटतात. सगळं मिळून मिनिटांचा मामला. या साखळीतली नावं मी इथे देत नाही. ती ज्यांना हवीत त्यांना पाठ असतात आणि बाकीच्यांना त्यांचा उपयोग नाही.

१९९३ साली किने यांच्या गटाने अल्फाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना आयजीई दिला, मग ॲलर्जन, म्हणजे त्या आयजीईच्या ओळखीचा वावड्याचा पदार्थ, दिलं. साधे उंदीर कोसळले. या उंदरांना काही झालं नाही. त्यांच्या मास्ट पेशी दाण्यांनी भरलेल्या होत्या, पण त्यांवर बाकं नव्हती.

औषधवाल्यांना मात्र माणसाचं बाक काढता येत नाही. त्यांनी रुमालाकडे मोर्चा वळवला, आणि इथे डेन्व्हरचा जुना धडा आड आला : आयजीईला चिकटणारं प्रतिपिंड टोचलं की तेच बाकावरच्या आयजीईंना बांधणार आणि रुग्ण तिथेच आडवा. यातून वाट निघाली ती अशी. आयजीईचा जो भाग बाकाला टेकतो, नेमक्या त्याच भागाला चिकटणारं प्रतिपिंड निवडायचं. बसलेल्या आयजीईचा तो भाग बाकाखाली झाकलेला, म्हणून त्याला हे शिवू शकत नाही; रक्तात मोकळा हिंडणारा तेवढा पकडला जातो. हे ओमालिझुमाब. २००३ साली अमेरिकेत दम्यासाठी त्याला परवानगी मिळाली, २०१४ मध्ये जुनाट गांधींसाठी, म्हणजे ज्याला आपल्या घरी 'अंगावर पित्त उठलंय' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात त्याच्यासाठी, आणि २०२४ मध्ये अन्नाच्या वावड्यासाठी.

परवानगीच्या आधी, चाचण्यांत रुग्णांना हे औषध देऊन त्यांच्या बेसोफिल पेशींवरची बाकं मोजली तेव्हा १९९७ साली एक आकडा आला जो कोणी अपेक्षिला नव्हता. उपचारापूर्वी एका पेशीवर सुमारे २,२०,००० बाकं होती. उपचारानंतर ८,३००. औषध बाकाला हातही लावत नाही. बाकावर आयजीई बसला की ते पेशीच्या पृष्ठभागावर टिकतं. रिकामं राहिलं की पेशी ते आत ओढून मोडून टाकते. ज्याच्या रक्तात आयजीई जास्त त्याच्याकडे बाकंही जास्त, हे बरंच आधीपासून ठाऊक होतं. कारण आता कळलं.

राहिला तो प्रश्न जो कुठलाही सामान्य माणूस पहिल्याच मिनिटाला विचारतो : एवढी जय्यत तयारी शरीराने शेंगदाणा आणि गवताच्या परागासाठी ठेवली का? जंत हे एक उत्तर पूर्वीपासून दिलं जातं. दुसरं उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डहून आलं, स्टीफन गॅली यांच्या गटाकडून. त्यांनी उंदरांना आधी मधमाशीच्या विषाची थोडी मात्रा दिली, शरीरात त्या विषाविरुद्ध आयजीई तयार होऊ दिला, आणि मग जीव घेईल एवढं विष दिलं. पूर्वतयारी झालेले उंदीर जास्त संख्येने वाचले. मास्ट पेशींच्या दाण्यांत विष तोडणारी विकरं असतात, ती कामी आली. हे २०१३ सालचं. २०१६ मध्ये त्यांनी तेच सापाच्या विषावर करून पाहिलं, आणि साप निवडला तो घोणस. आपल्याकडे भातकापणीच्या वेळी बांधावर कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसणारी. आधी मात्रा मिळालेले साधे उंदीर पुष्कळसे तगले. त्यांच्या शेजारच्या पिंजऱ्यात अल्फाचं जनुक नसलेले उंदीर होते, १९९३ साली वावड्याने मेले नव्हते त्यांच्याच जातीचे. त्यांच्यात त्या आधीच्या मात्रेचा काही उपयोग दिसला नाही.